डावखुरी गाठ

कारखान्यात नव्या आलेल्या सगळ्या बायकांना मी डाव्या हाताने गाठ मारायला शिकवलं. मुद्दाम नाही. मी डावखुरा आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. शाळेत गुरुजींनी पट्टी मारमारून पेन उजव्या हातात दिलं होतं. तेव्हापासून मी स्वतःला उजवाच समजत होतो.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी नवा सुपरवायझर. आमच्या खात्यात सूत बॉबिनवर गुंडाळायचं. धागा तुटला की गाठ मारून पुन्हा चालू करायचं. मी येईपर्यंत नवी बाई जुनीच्या शेजारी उभी राहून बघत बघत शिकायची. मला ते फारच गावठी वाटलं. मी पद्धत काढली : सगळ्यांनी माझ्या बाजूला रांगेत उभं राहायचं आणि माझा हात फिरेल तसाच आपला फिरवायचा. कवायतच ती.

वळसंगहून आलेली एक बाई सगळ्यात मन लावून शिकली, आणि सगळ्यात मागे पडली तीच. बाकीच्या माझी पाठ वळली की आपल्या मनाने गाठ मारत, हे मला फार उशिरा कळलं. हिची गाठ सुटायची, सूत गुंतायचं. मी म्हणायचो, "अजून सराव करा." ती जेवण अर्धं टाकून सराव करायची आणि आणखी बिघडायची.

शेवटी बायकांना कामावर ठेवणारा-काढणारा जॉबर मला म्हणाला, "बाईचं शनवारी बघतो. न्हाय जमलं तर गावाकडं परत." तिने शुक्रवार पेठेत खोली घेतली होती, मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चहाचा कप घेऊन तिच्याजवळून चाललो होतो; ती भाकरीचं फडकं बांधत बसली होती. नजर भलतीकडेच, आणि हात असे चालले की गाठ कधी बसली ते मला दिसलंच नाही.

"बाई, ही कुठल्या हाताने मारली?"

"उजव्या की."

"मग मशीनवर डावा का?"

"तुमीच शिकवलं की सायेब. मला वाटलं, कारखान्याचा कायदाच हाय तसा."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. कप डाव्या हातात होता.

"मी शिकवलं ते सगळं विसरा."

"सगळं?" तिचा चेहरा पडला. "लई मेहनत केलती हो त्याच्यावर."

दुपारपासून मी तिला एका जुन्या बाईशेजारी उभं केलं आणि स्वतः लांब राहिलो.

शनिवारी जॉबर तिच्यामागे येऊन थांबला. मी खांबाआड. धागा तुटला, तिची बोटं हलली, बॉबिन फिरायला लागलं. जॉबर थोडा वेळ बघत राहिला, मान हलवली आणि पुढे गेला. म्हणजे बाई कामावर राहिली. मी लगबगीने जाऊन म्हटलं, "शाब्बास हो बाई!"

मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "सायेब, पुढच्या टायमाला नव्या बाया आल्या की तुमी रजा घ्या."