थोरलीला जोड

दोघा भावांच्या घरात मधला कोण असतो? कुणीच नसतो. आमच्या घरात मात्र मधला मी आहे. आई मला मधल्या म्हणून हाक मारते, वहिनी चिडली की 'मधले भावजी' म्हणते, आणि नवा पाहुणा मनातल्या मनात हिशेब करायला लागला की आम्ही त्याला चहा विचारतो. धाकटी बहीण शाळेत होती तेव्हाच तापानं गेली. तिच्यामागोमाग 'धाकटी' हा शब्दही घरातून गेला. लहान वाटी 'बारकी' झाली, लहान खोली 'आतली' झाली. मी मधलाच राहिलो, कारण मला दुसरी हाक मारायची तर कुणीतरी कारण बोलून दाखवायला हवं होतं.

पण ही गोष्ट दादाची आहे. माझ्याबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही, असं तोच म्हणतो.

दादा वजनकाटे तपासतो. दुकानातला तराजू, गोदामातला काटा, खाणीवर ट्रक तोलायचा काटा, सगळे. त्यासाठी खात्रीची लोखंडी वजनं बरोबर न्यावी लागतात, आणि खाणीकडे जाणाऱ्या वाटेला रस्ता म्हणणं म्हणजे थट्टाच. म्हणून त्यानं ती दांडगी मोटरसायकल घेतली. उंच, दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, दगडधोंड्यांतून डुलत जाणारी. वहिनीनं दारातच तिला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, माझ्याहून थोरली कशाला आणलीत?" तेव्हापासून ती थोरली.

थोरली खाणीवर राणी आणि गल्लीत अडगळ. आमच्या गल्लीत ती वळत नाही. पार पुढच्या चौकापर्यंत जाऊन तोंड फिरवून आणावी लागते. दुधाच्या पिशवीसाठी तिला बाहेर काढायचं तर दूध आणेपर्यंत नासायचं. तेही दादानं चालवून घेतलं असतं. अडलं ते आईच्या डोळ्यांमुळे. आईला काचबिंदू आहे. वेळेवर थेंब आणि वेळेवर तपासणी झाली नाही तर उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चारचाकीत बसलं की आईला मळमळतं, लांबवर पायी चालवत नाही, आणि थोरलीच्या मागच्या सीटवर चढायचं तर शिडी लागते.

"दुसरी एक बारकी गाडी घेऊ," दादा म्हणाला. आम्ही सगळे 'दुसरी'च म्हणत होतो. थोरलीच्या जोडीला येणाऱ्या गाडीसाठी भाषेत एक तयार शब्द आहे, तो सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणाच्याही तोंडातून निघत नव्हता.

वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात दादानं जे केलं ते बघून मला लाज वाटली. त्यानं आधी आईला किराणा दुकानातल्या काट्यावर बसवून तोललं होतं. आता त्यानं थोरलीच्या पेट्यांतली तेवढीच वजनं काढून गोणपाटात बांधली आणि एकेका गाडीच्या मागच्या सीटवर आवळून चक्कर मारायला लागला. दुकानदार बघतच राहिला.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"आमची आई," दादा म्हणाला. दुकानदार नमस्काराला हात उचलता उचलता थांबला.

एक गाडी उंच निघाली. एक इतकी जोरकस की क्लच सोडला की गोणपाट मागं सरकायचं. "आई मागच्या मागं जाईल," दादा म्हणाला. स्कूटर त्याला नकोच होती, गुडघे जुळवून बसलं की शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं म्हणे.

"अरे, गाडी घेतोयस का सून बघतोयस?" मी शेवटी वैतागून म्हणालो.

"जोड बघतोय. थोरलीला जे जमत नाही तेच हिला जमायला हवं. थोरलीसारखीच आणखी एक घेतली तर ती जोड नाही, नुसती भर."

अखेर कोपऱ्यातली एक राखाडी गाडी त्यानं बाहेर काढली. बुटकी, अरुंद टायरची, टाकीला अंगठ्याएवढा पोचा. गोणपाट बांधून तो गेला आणि हसत परत आला. तिचं मागच्या माणसाचं डावं फुटरेस्ट ढिलं होतं, ते आपोआप खाली यायचं. दुकानदारानं तिथल्या तिथं नवी स्प्रिंग घातली आणि हात पुसत म्हणाला, "झकास जोडी जमली साहेब. थोरली घरात आहेच, आता ही धाकटी."

मी दादाकडे पाहिलं. तो हातमोजे चढवत होता. वाटभर तो शब्द त्याच्या जिभेवर घोळत असणार. इतक्या वर्षांनी सुटा झालेला शब्द असा सहजी परत आत जात नाही.

घरी पोचल्यावर त्यानं दारातूनच आवाज दिला, "आई, धाकटी आली बघ. तुला न्यायला आलीय."

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. म्हातारी माणसं जायच्या आधी काय बोलतात ते कुणाला माहीत नाही? अमका दारात उभा आहे, न्यायला आलाय. दादाला स्वतःचे शब्द ऐकू आले तसा त्याचा चेहरा उतरला. "गाडी गं आई. दवाखान्यात न्यायला. मोटरसायकल."

"कळलं रे. बहिरी नाही मी," आतून आई म्हणाली. "थांब म्हणावं तिला जरा. माझं आवरायचंय."

आईला भ्रम झाला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. तिचं डोकं लख्ख होतं. गाडीला ती गाडीच म्हणत होती. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं कपाट रिकामं करायला घेतलं. चांगली शाल वहिनीला दिली, माझ्या लहानपणीची टोपी माझ्या हातात ठेवली. आणि थेंबांची बाटली वहिनीनं पुढं केली तेव्हा मान फिरवली.

"आता कशाला? वाट तिला ठाऊक आहे."

दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "ती म्हणेल तेव्हा निघू." दुपारी काठी टेकत बाहेर जायची, धाकटीशेजारी स्टूल टाकून बसायची आणि सीटवर हात ठेवून हळू आवाजात बोलायची. मधे मधे थांबायची. समोरचा माणूस बोलत असला की आपण थांबतो तसं. आणि रोज संध्याकाळी वहिनी ते डावं फुटरेस्ट पायानं मिटवायची, रोज सकाळी ते उघडलेलं असायचं. नवी स्प्रिंग असून.

दादा गावातल्या कामांना धाकटी नेऊ लागला होता. एका दुपारी तो माझ्याकडे आला आणि चहा पुढं ठेवून नुसता बसून राहिला.

"मागं वजन आहे," तो म्हणाला.

"कसलं वजन?"

"वळताना कळतं. डाव्या अंगाला. एका बाजूनं पाय सोडून बसलं की जसं लागतं तसं."

"आईएवढं?"

"आईला मी तोललंय. हे फार कमी आहे. शाळकरी पोरीएवढं."

मी म्हणालो, टायर बघ. टायर बदलले होते. म्हणालो, मागच्या स्प्रिंगा बघ. त्या बघून झाल्या होत्या. त्यानं गाडी गोदामातल्या काट्यावरही चढवली होती. "काट्यावर नुसती गाडी भरली," तो म्हणाला. "आणि काट्यात चूक नाही. मीच तपासतो तो." चहावर साय धरली तरी आम्ही दोघंही तो प्यायलो नाही.

दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच सायकल होती. लहानपणी आम्ही तिघं एकाच सायकलवर जायचो. दादा पायडल मारायला, कॅरिअरवर मी, माझ्यामागं जेमतेम उरलेल्या जागेत धाकटी, दोन्ही पाय डावीकडे सोडून. एकदा तिचा पाय चाकात गेला, म्हणून दादानं पाय ठेवायला लोखंडी पट्टी बसवून घेतली. ती नीट बसली की माझा शर्ट मागून दोनदा ओढायची. मग मी दादाच्या पाठीत बुक्का मारायचो, मग दादा निघायचा. निरोप मधल्यामार्फत जायचा. त्याशिवाय दादा हलायचा नाही.

वहिनी म्हणाली, "अहो, परत करा ती गाडी. मी हात जोडते."

"परत केली तर आई म्हणेल, ती थांबली नाही. मग आईच तिच्या मागं पायी निघेल," दादा म्हणाला. तेही खरं होतं. आई दिवसेंदिवस कमी जेवत होती आणि भिंत चाचपत चालायला लागली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निरोप पाठवला, आणखी उशीर केलात तर मला काही करता येणार नाही.

दुसऱ्या सकाळी दादा आईच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. "चल आई. निघायचं."

"ती म्हणाली का?"

"हो. म्हणाली." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खोटं माप दिलं.

आईनं न्हाऊन धुतलेले कपडे घातले. कपाटाची किल्ली वहिनीच्या हातात दिली, दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. दादानं आईला धाकटीवर बसवलं आणि मला म्हणाला, "तू थोरली घेऊन मागून ये. वाटेत काही झालं तर मला मागं बघता यायचं नाही."

थोरली मला येते, म्हणजे पडत नाही एवढंच. तिच्यावर बसलं की माझे नुसते चवडे टेकतात. कशीबशी सुरू केली. पुढं दादा धाकटीवर ताठ बसला होता. त्यानं मान न वळवता मला विचारलं, "तू काही केलंस का?"

"कसलं?"

"आई बसली नि गाडी हलकी झाली. आता नुसती आईच आहे मागं."

"मग चांगलंय की," मी म्हणालो.

तेवढ्यात थोरली मागच्या अंगाला किंचित बसली. माझे दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले, जे आजवर कधी झालं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, उतार असेल. आणि माझा शर्ट मागून ओढला गेला. एकदा. मग पुन्हा एकदा.

दादाची गाडी सुरू होती, पण तो निघत नव्हता. सकाळच्या उन्हात सगळी गल्ली मोकळी होती, निघायला काही अडचण नव्हती, तरी तो थांबला होता. त्याच्या पाठीपर्यंत माझा हात पोचणार नव्हता, म्हणून मी हॉर्न दाबला. तेव्हा तो निघाला.

वाटभर मी आरशात पाहिलं नाही. दवाखान्याच्या बाहेरही थोरलीवरून उतरलो तो तिच्याकडे पाठ करूनच. मी भ्यालो होतो, चांगलाच. पण खोटं कशाला बोलू, पुढं थोरला, मागं ती आणि मधे मी असा चाललो होतो तेव्हा मला रडू येईल इतकं बरंही वाटत होतं.

डॉक्टरांनी आईला तपासलं, रागावले, औषध वाढवलं. नजर आहे तेवढी राहील म्हणाले, थेंब चुकवले नाहीत तर.

परत गल्लीत आलो. दादानं आईला उतरवलं. ती काठी टेकत दादाला ओलांडून माझ्याकडे आली. मी अजून थोरलीवरच होतो. तिचा हात माझ्या खांद्यावरून मागं गेला आणि रिकाम्या सीटवर थोडा वर, हवेत थांबला. कुणाचे केस सारखे करावेत तसा दोनदा फिरला.

"मला न्यायला नाही आली ही," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती, ती मला स्पष्ट ऐकू आली. "मी बसले तशी उतरली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मधल्याच्या मागं." मग दाराकडे वळून तिनं वहिनीला हाक मारली. "थेंब कुठं ठेवलेस गं? घाल डोळ्यांत. आणि भूक लागलीय मला."

वहिनी धावत आली, तिला धरून आत घेऊन गेली. मी खाली उतरलो. थोरलीवर दादा मागं कधीच कुणाला बसवत नाही, त्यामुळे तिची मागची फुटरेस्टं गंजून घट्ट झालेली आहेत. एकदा वहिनीसाठी उघडायला गेलो तर हातोडी घेऊनही उघडली नव्हती. उजवं तसंच मिटलेलं होतं. डावं खाली आलं होतं.

दादा ते बघत उभा राहिला. आत जाऊन हातोडी घेऊन आला, वाकला, पण मारली नाही.

"शर्ट?" त्यानं विचारलं.

"दोनदा," मी म्हणालो.

दादानं मान हलवली आणि हातोडी होती तिथं ठेवायला आत गेला.