घरी माझं माप पडतंय

स्टोअरमधून बाहेर आले की नाखवा तोंडात बोट घालायचे, मग ते ओलं बोट वर धरून, डोळे मिटून मला सांगायचे, "इंजिनियर, वारा फिरला. आजोबांनी आत्ता नांगर उचलला असता." एवढं बोलून पुन्हा आत, एसीखालच्या खुर्चीत.

सौदीतल्या खफजीच्या धक्क्यावर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांकडे जाणाऱ्या बोटींना दोर आणि लाइफ जॅकेटं देण्याचं त्यांचं काम. गाव रत्नागिरीकडलं, आजोबा शिडाच्या गलबतावरचे नाखवा, म्हणून आम्ही यांनाही नाखवाच म्हणायचो. नातवाला मात्र बांधलेल्या बोटीवरही ओकारी यायची. पण आव असा, की कालच मस्कतचं वादळ अंगावर घेऊन आलेत.

शुक्रवारी नाखवा धरून आम्ही पाच मराठी माणसं एकत्र रांधायचो. जेवणं झाली की नाखवांचं गलबत सुटायचं. आजोबा कौलं भरून बसऱ्याला निघायचे, खजूर घेऊन परतायचे. मध्ये डोलकाठी मोडायची, चाचे यायचे. चाचे दर वेळी वाढायचे, आणि कोणी हरकत घेतली तर नाखवा म्हणायचे, "तू होतास तिथं?"

आमची आवडती गोष्ट बसऱ्याची. तिथल्या खजुराच्या व्यापाऱ्याने आजोबांना मुलगी देऊ केली, पेढी देऊ केली. मुलगी देखणी. आजोबा म्हणाले, "नको शेठ. घरी माझं माप पडतंय."

हे माप म्हणजे त्यांच्या घरची रीत. पुरुष दर्यावर असला की घरची बाई रोज त्याच्या नावाचं तांदळाचं एक माप जास्त टाकायची. गलबतं आगोटीच्या आत, म्हणजे पाऊस लागायच्या आत, परतायची. आगोट उलटली, शीड दिसलं नाही, की माप बंद. मग तो माणूस गेलाच म्हणून समजायचं. आजोबांचं गलबत त्या वर्षी काठेवाडाकडे फुटलं. लोकांनी आजीला सांगून पाहिलं, ती माप टाकतच राहिली. आणि भर आषाढात आजोबा किनाऱ्याकिनाऱ्याने चालत, भिजून चिंब, दारात उभे. आजीने पाट मांडला आणि ताट वाढलं.

"भात ऊन होता, इंजिनियर! ऊन!" इथे नाखवांचा आवाज दर वेळी भरून यायचा. आम्हीही टाळ्या वाजवायचो, खोटं कशाला बोलू?

त्यांची बायको गावी एकटीच. फोनवर तिचा आवाज आम्हालाही ऐकू यायचा. "ह्या आगोटीला तरी येनार ना?" नाखवा म्हणायचे, "येतो तर! माझं माप टाकतेस ना?" मग मे महिना उजाडायचा, प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन लागायचं, ओव्हरटाइम मिळायचा आणि रजा पुढे जायची. घरावर वरचा मजला चढवायचा होता. तो चढलाही. त्यात राहायला कोण होतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ते अचानक निघाले. घरी कळवलं नाही. "आजोबांसारखा भिजत जाणार," म्हणाले. नवऱ्यामुलासारखे दाढी कोरून, अत्तर लावून गेले.

रजा संपायच्या आतच परत आले. पुढच्या शुक्रवारी कोणीतरी म्हणालं, नाखवा, होऊन जाऊ दे बसरा. त्यांनी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"दुपारचा पोचलो. भिजलेलो. ती जेवत होती. टोपात शीतसुद्धा नव्हतं."

"मग?"

"मग म्हणाली, बसा, तुमच्यासाठी टाकते. बसा म्हणाली, इंजिनियर. पाहुण्याला म्हणतात तसं. डब्यातला बासमती काढला." त्यांनी ताटाच्या कडेला बोटं पुसली. "विचारलं, माप कवा बंद केलंस? तर म्हणते, दोन पावसाळे कोंबड्यांना घातलं. मग कोंबड्यापण नाही राहिल्या. खलास."

मला त्या माणसाचा राग आला. इतकी वर्षं आजीच्या मापावर आमच्या टाळ्या घेतल्या, आणि स्वतःच्या बायकोने रोज उरलेल्या भाताचं काय केलं असेल हे एकदाही मनात येऊ नये? त्या संध्याकाळी मी नाशिकला बायकोला फोन लावला. काय विचारायचं ते सुचेना, म्हणून पोरांच्या शाळेचं बोललो.

महिन्याभरात नाखवांनी समुद्रातल्या बार्जवर बदली मागून घेतली. ज्याला धक्क्याला बांधलेल्या बोटीवरही ओकारी येते, त्याने! तिथे सुरुवातीला अन्न पोटात ठरत नव्हतं म्हणे. आम्ही फोन केला, तर म्हणाले, "शुक्रवारी येतो. माझं माप टाका."

आम्ही टाकलं. ते आले नाहीत. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, "येतो, येतो." डब्याने मोजून पाच मापं पडायची आणि एका माणसाचा भात कंपाउंडच्या मांजरांपुढे जायचा. आधी हसू यायचं, मग चिडचिड व्हायला लागली. पुढे पुढे तर त्यांना फोन करायचं कोणाच्या लक्षातही राहीना.

परवा रांधायची पाळी माझी होती. चार मापं टाकली आणि डब्याचं झाकण लावलं. चौघं जेवलो. भात बरोबर पुरला.