पिशोरच्या वाऱ्याची जिम्मेदारी

वाऱ्याशी उभं आयुष्य वैर धरलेला माणूस मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि कॉलेजची चार वर्षं मी त्याच्याच हर्सूलच्या घरात, मागच्या खोलीत राहत होतो. आमच्या या घरमालकांना सगळे मुकादम म्हणत. पोलीस ॲक्शनच्या आधी ते निजामाच्या सडकेवर मुकादम होते, नंतर नव्या सरकारच्या त्याच सडकेवर. नोकरी संपल्यावर त्यांनी परसात वांगी, पपया आणि डझनभर कोंबड्या वाढवायला घेतल्या. तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला हे पसंत नव्हतं. मग मुकादमांनी सडकेचं काम परसात सुरू केलं. वांग्याच्या प्रत्येक रोपाला अर्धगोल दगडी बांध, प्रत्येक पपईला तीन बाजूंनी दोरखंड आणि खुराड्याच्या पत्र्यावर एवढे दगड, की एकदा वारा नसतानाच तो पत्रा खाली बसला. कोंबड्यांना वांग्यामागचा आडोसा आवडला. एखादी तिथंच खुडूक होऊन अंड्यांवर बसली, की तिला त्रास नको म्हणून एकवीस दिवस त्या रोपाला पाणी मिळत नसे. रोप वाळलं की मुकादम म्हणत, "वाऱ्यानं गेलं."

वाऱ्याला ते दिशेनं नव्हे, गावानं ओळखत. अजिंठ्याचा वारा, दौलताबादचा वारा, आणि सगळ्यात वाईट पिशोरचा. ज्या गावचा वारा नासधूस करील, त्या गावच्या माणसानं ती निस्तरायची, असा त्यांचा कायदा होता. अजिंठ्याचं कोणी हाताशी नव्हतं. मी मात्र पिशोरचा होतो.

"ओ पिशोरकर, भाईर या. बघा तुमच्या गावानं काय केलं."

बाहेर पपई आडवी झालेली असे.

"मुकादम, वारा काय मी पाठवला?"

"तुमी नाय पाठवला. पर गावचा मानूस इथं हाजीर असताना जिम्मेदारी कुनाची?"

मी सुतळी घेऊन पपई बांधायला लागे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि अख्ख्या गावातर्फे जाब देणाराही पहिलाच. पण त्याच घरात मावशी, म्हणजे मुकादमांच्या पत्नी, परीक्षेच्या दिवसांत दोन उकडलेली अंडी माझ्या उंबऱ्यावर ठेवत आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

तिसऱ्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. मुकादमांनी नुकतंच अंड्यातून निघालेलं एक पिलू खिशात घातलं, तळ्याच्या बांधावरच्या म्हसोबापुढं गेले आणि नवस बोलले: हा पिशोरकर बीए होऊ दे, या पिलाचा कोंबडा झाला की तो तुला देईन.

चूक एवढीच झाली, की त्यांनी पिलाचं नाव ठेवलं. दरोगा, म्हणजे सडकेवरचा मुकादमाचा साहेब. "जिंदगीभर दरोग्यापुढं वाकलो. आता दरोगा माझ्या हातचं खातो." हा दरोगा तांबडा, तुरेदार आणि त्या परसात एकटाच शहाणा निघाला. वाऱ्याकडं पाठ केली की पिसांत वारा शिरून कोंबडी छत्रीसारखी उलटते, हे मुकादम सगळ्या कोंबड्यांना रोज समजावून सांगत. कळलं फक्त दरोग्याला. वारा सुटला की तो वाऱ्याकडं तोंड करून भिंतीवर ठाम उभा राही. मुकादम त्याच्याकडं पाहूनच वाऱ्याचं गाव सांगू लागले.

परीक्षा जवळ आली तसं मुकादमांचं जेवणावरून मन उडालं.

"पिशोरकर, अभ्यास कसाय?"

"चांगला चाललाय."

"हं," म्हणून ते दरोग्याला दाणे टाकायला जात.

शेवटी मावशींनी विचारलं, "आवो, पोरगं पास व्हावं का नाय?"

"व्हय, व्हावं की."

"मंग कोंबडा?"

"त्योबी ऱ्हावा."

"देवाला येड्यात काढता का?"

मुकादम उठून दरोग्याला दाणे टाकायला गेले. माझ्या पास होण्यानं कोणाची मान जाईल, असं मला कोणत्याच प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं.

मी पास झालो. फळ्यावर नंबर पाहून आलो तेव्हा मुकादम पपई बांधत होते. त्यांनी माझ्या तोंडात साखर घातली, डोळे पुसले, मग दरोग्याला आंघोळ घातली, कुंकू लावलं आणि सुरी घेऊन बांधाकडं निघाले. मी मागोमाग गेलो.

बांधावर वारा अंगावर येत होता. म्हसोबासमोर खाली ठेवल्याबरोबर दरोगा वळला, वाऱ्याकडं तोंड करून उभा राहिला. मुकादमांनी सुरी हातात धरली, कोंबड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वारा कुठला?"

"पिशोरचा."

"मंग जिम्मेदारी तुमची. बोला, काय करायचं?"

मी घसा साफ केला. "आमच्याकडं नवसाचा कोंबडा देवाच्या नावानं जित्ता सोडतात. चालतं."

"पक्कं?"

"मुकादम, मी बीए आहे."

माझ्या पदवीचा हा पहिला उपयोग. मुकादमांनी सुरी खाली टाकली आणि हात जोडले. "देवा, आमी अडानी. शिकलेला मानूस सांगतोय."

दरोगा आमच्या आधी घरी पोचला. पुढं तो बरीच वर्षं जगला. कोवळ्या मेथीत शिरला तरी त्याला कोणी हुसकत नसे, कारण तो देवाचा होता. मी मास्तर झाल्यावर भेटायला जाई, तेव्हा मुकादम त्याला उचलून म्हणत, "राम राम कर. तुझे वकील आले."

आता दरोगा नाही, मुकादम आणि मावशीही नाहीत. मी शहरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत चार कुंड्या आहेत. एखादी पडली की मुलं म्हणतात, वारा आहे, राहू द्या. मी आधी वारा कुठला ते बघतो. पिशोरचा असला, तर सुतळी काढतो आणि मुकाट्यानं बांधायला बसतो. हाक मारणारं कोणी नसतं, तरी.