पाळीमागचं बोट

नवी पेठेत आमच्या साड्यांच्या दुकानाशेजारी एक सोनारकाका बसतात. थकले की त्यांचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला सरकतो आणि अंतराचा अंदाज जातो. चहाचा कप ठेवतानाही ते आधी बोटानं टेबलाची कड चाचपतात. हे मी रोज बघते. तरी लेकीचे कान टोचायला सासूबाई त्यांच्याकडेच घेऊन गेल्या. सासूबाईंपुढं कोण बोलणार!

लेक माझ्या मांडीवर होती. काकांनी सोन्याची तार तिच्या कानाच्या पाळीपाशी आणली आणि नेमका डोळा सरकला. मी लेकीला मागं ओढलं.

"थांबा की ताई," तार खाली घेत ते म्हणाले, "डोळा पळाला. येऊ द्या माघारी."

तो काही आला नाही. शेवटी त्यांनी तो मिटला, पाळीमागं आपलं बोट धरलं आणि तार आरपार घातली. लेक किंचाळली.

"जास्त आत नाही ना गेली?" मी विचारलं.

"न्हाय हो. मला टोचलं की थांबतो मी."

रोज टेबल चाचपणारं ते बोट मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. टोक बारीक काळ्या ठिपक्यांनी भरलेलं होतं, आणि मधोमध रक्ताचा ताजा थेंब होता.