इनुसभाईंनी आधीच लावलेला निकाल

इनुसभाई शिरूरच्या कोर्टात पट्टेवाले. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, एवढंच काम. पण तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात चहाच्या पालात टेकले, की ते जज्जसाहेब व्हायचे.

पंचावन्न साली बल्गेरियानं वाट चुकलेलं इस्रायलचं प्रवासी विमान पाडलं. अठ्ठावन्न माणसं गेली. तपासाला आलेल्यांनाही धड बघू दिलं नाही. शेवटी दावा हेगच्या जागतिक कोर्टात गेला, आणि इनुसभाईंना स्फुरण चढलं.

"पोपटराव, इमान आम्हीच पाडलं, आसं त्यांनी कबूल केलंय! आता राह्यलं काय? निकाल लागला म्हनून समजा. त्या दिशी पालातल्या समद्यांना जिलबी माझी."

एकोणसाठच्या उन्हाळ्यात निकाल आला. चहावाल्या पोपटरावांनी भर पालात पेपर मोठ्यानं वाचला: हा दावा चालवायचा कोर्टाला अधिकारच नाही. चूक कुणाची, हे न बघताच दावा निकाली निघाला होता.

"म्हंजी वं काय, इनुसभाई?" भाजीवाल्या साखरबाईंनी विचारलं.

इनुसभाईंनी टोपी काढून घाम पुसला. "म्हंजी मी गाढव हाय, साखरबाई. दौंडकडचा दावा शिरूरला लावला, तर आमचं सायेब पयलं इचारत्यात, ह्ये आमच्या हद्दीत येतं का? इतकी वर्सं ह्ये ऐकून कान किटलं, आन् हेगच्या टायमाला नेमकं त्येच इसरलो!"

पाल हसण्यानं दणाणलं. इनुसभाईंनी निमूटपणे जिलबी मागवली. "हरनाऱ्यानं खर्च भरायचा, येवढा कायदा मला येतो," ते म्हणाले.

साखरबाईंनी मात्र जिलबीला हात लावला नाही. "आन् मेलेल्यांच्या बायकापोरांनी आता कुठं जायाचं?"

इनुसभाईंनी हातातली जिलबी खाली ठेवली. हद्दीच्या कारणानं कोर्टातून परत फिरणारी माणसं ते रोज बघत होते. ती पुढं कुठं जातात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर असा कुणी परत फिरला, की ते त्याला व्हरांड्यात गाठून कोणतं कोर्ट, कोणती एसटी, सगळं समजावायचे. दौंडकडच्या वरवंडच्या एका म्हाताऱ्याला तर त्यांनी मोठ्या तोऱ्यात भलत्याच गाडीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो तणतणत परत आला. इनुसभाईंनी त्याचे पाय धरले, रजा टाकली आणि या वेळी स्वतःच त्याच्याबरोबर गाडीत चढले.