सचिनचा विकतचा धूर

नंदुरबारहून सकाळच्या गाडीने सुरतला उतरलो आणि थेट लिंबायत गाठलं. इथे खानदेशी माणसं इतकी, की रिक्षावालाही माझ्याशी अहिराणीत बोलला. ताईने दारातच "आधी जेवाले बस" (जेवायला बस) म्हणत कळण्याची भाकरी वाढली.

तिची मुलगी वैशाली सुरतजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात केमिस्ट. तिथलं काम असं: उसाच्या चिपाडातून हायड्रोजन काढायचा, बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी जोडायचा, की कापड रंगवायला लागणारं फॉर्मिक आम्ल तयार होतं. त्या दुपारी यंत्र बघायला आसपासचे कापड कारखानदार पाहुणे म्हणून येणार होते, म्हणून मलाही आत जाता आलं.

दारात झेंडूच्या माळा, टेबलावर गरम लोचो (डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ). मॅनेजर सांगत होते, "चिमणीचा धूर इथे येतो आणि आम्ल होऊन बाहेर पडतो." चिमणी मात्र काळा धूर ओकत होती आणि तिच्याकडून येणारी नळी भिंतीपाशीच संपली होती. यंत्रामागे सिलिंडरांची रांग होती.

"हे काय गं?" मी वैशालीला विचारलं.

"कार्बन डायऑक्साइड विकत आणलाय, मामा. चिमणीच्या धुरावरही यंत्र चालतं, मी चालवलंय. पण धूर आधी धुवावा लागतो. तो खर्च साहेबांना नकोय. त्यांना फोटो हवेत."

माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "चिमणीची नळी यंत्राला का जोडलेली नाही?"

"तांत्रिक बाब आहे, काका," मॅनेजर हसले.

वैशालीने पुढे होऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. दाबाचा काटा खाली आला.

"आता चिमणीवर चालवून दाखवा, सर."

"उद्यापासून येऊ नकोस!" मॅनेजर ओरडले. आणि पाहुणे? ते सरळ जेवायला वळले. मला त्यांची जास्त चीड आली.

जवळच्या पलसाण्याचे एक वयस्कर डाइंगवाले (कापड रंगवणारे कारखानदार) तेवढे थांबले. "मारी चिमनी पर चालशे?" (माझ्या चिमणीवर चालेल?)

"चालेल, काका. धूर धुवायची टाकी बसवावी लागेल."

"बेसाडीशुं," (बसवू) ते म्हणाले.

परतीच्या गाडीतही राग निवला नाही. तो धूर माणसांच्या छातीत जातो, आणि त्याचं काय करायचं हे जिला ठाऊक, तिला शोभेपुरती उभी करतात!

वैशाली आता पलसाण्याला त्या काकांकडे कामाला जाते. ही नोकरी तरी टिकेल ना, अशी ताईला धाकधूक आहे. सचिनच्या कारखान्याचे फोटो मात्र लोक अजून कौतुकाने पुढे पाठवताहेत. काल एक माझ्याही मोबाइलवर आला. पाठवणाऱ्याला लगेच फोन लावला आणि म्हटलं, "बस, सगळं सांगतो."