केबिनमध्ये एकट्याने जायचं नाही

आमच्या आप्पांशी, म्हणजे वडिलांशी, माझं भांडण झालं की ते हमखास युनियनवरून व्हायचं. ते हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर होते आणि पंधरा-सोळा वर्षं युनियनच्या कमिटीवर निवडून येत होते. मी खराडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड. माझं म्हणणं असं, की युनियन लागते ती भोंगा वाजला की आत जाणाऱ्यांना. आमच्याकडे मॅनेजरला नावाने हाक मारतात, वाढदिवसाला केक कापतात आणि नाही पटलं तर माणूस दुसरी नोकरी धरतो. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. तुम्ही कामगार नाहीच. तुम्ही पाहुणे आहात." मग मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलत नसे.

कॉलेजात असताना तर माझा आवाज फारच चढायचा. संपांनी कारखाने बुडवले, बाजार खुला झाला म्हणून देश पुढे गेला, हे मी त्यांना जेवताना ऐकवायची. आणि ते ज्या ताटावर ऐकवायची, ते ताट कशामुळे वाढलं जात होतं हे सोयीने विसरायची. नव्वदीनंतर त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं यायची ठरली, तेव्हा मॅनेजमेंटला जुनी निम्मी माणसं नको होती. कमिटीने यंत्रं अडवली नाहीत. यंत्रं जरूर आणा, पण आधी आमच्या माणसांना ती शिकवा, असा करार करून घेतला. पन्नाशीला आलेली माणसं वहीत इंग्रजी बटणांचे अर्थ उतरवून घेऊ लागली. आप्पा ओट्याशी उभे राहून माझ्याकडून उच्चार तपासून घ्यायचे आणि मी त्यांना हसायची. पुढे मालाला मागणी वाढली, मागच्या बाजूला नवी शेड उभी राहिली आणि तिथली यंत्रं याच माणसांनी चालवली. कारखाना वाढणं आणि माणसं टिकणं या आप्पांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

त्यांची बाजू सगळीच उजळ होती असंही नाही. त्याच नव्या शेडमध्ये नंतर कंत्राटी कामगार आले. युनियनने त्यांना सभासद करून घेतलं नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, त्यांना घेतलं असतं तर आमचा करार अडला असता. एवढं बोलून ते उठून बाहेर गेले. त्या गोष्टीची त्यांना लाज वाटत होती, असं मला आता वाटतं.

माझ्या टीममध्ये चंद्रपूरकडचा एक टेस्टर होता. सात वर्षं एकाच प्रॉडक्टवर काम केलेला, कुठे काय बिघडू शकतं हे तोंडपाठ असलेला. सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, हा मात्र मला ताईच म्हणे. एका मंगळवारी दुपारी त्याला एचआरचा निरोप आला, तळमजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये या. त्या आठवड्यात अशा खोलीत गेलेले तिघे परत जागेवर बसले नव्हते, त्यामुळे निरोपाचा अर्थ सगळ्यांना कळला होता. तो माझ्या डेस्कपाशी आला. हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही येता का सोबत? काही बोलू नका. फक्त बसा."

मी नाही म्हटलं. आपल्याकडे असं नसतं, ते प्रोफेशनल दिसणार नाही, तू घाबरलास असं त्यांना वाटेल, असं त्याला समजावलं. हे बोलताना मला खरंच वाटत होतं की मी त्याच्या भल्याचं सांगतेय. आपली नोकरी सांभाळायची आहे हा विचारही मनात होता, पण तो मी स्वतःलासुद्धा ऐकू दिला नाही. पाऊण तासाने तो वर आला तो सिक्युरिटीच्या माणसाबरोबर, लॅपटॉप जमा करूनच. त्याने नंतर सांगितलं, आत समोर तिघे बसले होते. राजीनाम्याचं पत्र तयार होतं, त्याने सही केली. सही केली नाही तर अनुभवाचा दाखला मिळणार नाही, असं त्याला सांगितलं होतं.

रविवारी हे मी आप्पांना सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, आत त्याच्याबरोबर कोण गेलं. कोणीच नाही, म्हटलं. मग ते कमिटीतल्या आपल्या कामाबद्दल बोलले, जे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं कमिटीवरचा माणूस म्हणजे गेटवर भाषण करणारा. ते म्हणाले, भाषणं दुसरेच करायचे. साहेबाने कुणाला केबिनमध्ये बोलावलं की त्याच्याबरोबर आत जाऊन शेजारी बसायचं, हे माझं काम. बहुतेक वेळा तोंड उघडायची गरजच पडत नसे. "माणूस आत एकटा गेला ना, की पाच मिनिटांत त्याला आपलंच चुकलं असं वाटायला लागतं. मग तो कशावरही सही करतो."

पाहुणे म्हटल्याचा राग मला इतकी वर्षं येत होता, त्याचं कारण त्या दिवशी कळलं. ते खरं होतं.

टेस्टरने कामगार कार्यालयात अर्ज दिला, की राजीनामा आपल्याकडून दडपणाखाली घेतला. त्याला जुनं काम परत हवं होतं, त्याची दुसरी काही मागणी नव्हती. सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर गेले. कंपनीला हे कळणार हे माहीत होतं. लाकडी बाकावर आम्ही दोन तास शेजारी शेजारी बसलो. त्याने माझ्यासाठी चहा आणला, आणि तो चहा मला जड गेला.

आतल्या अधिकारी बाईंनी अर्ज सावकाश वाचला. प्रश्न विचारताना आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. सही घेतली तेव्हा धमकी दिली गेली, हे सांगू शकेल असं तुमच्या बाजूचं कोणी खोलीत होतं का, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याने पाहायला हवं होतं असं मला फार वाटलं. होते मी, असं खोटं सांगावं हेही एकदा मनात येऊन गेलं. मग मी म्हटलं, "त्याने मला सोबत यायला सांगितलं होतं. मी गेले नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं, कोणी नाही.